साहेब मीटिंगमध्ये आहेत

गेल्या शनिवारी लातूरहून शिरूरला येताना एसटीत खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश होते. तेवढ्यात आमच्या गल्लीतली एक मुलगी शेजारी येऊन बसली. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, हुशार आहे आणि मला ‘अक्का’ म्हणते, त्यामुळे तिच्याशी बोलताना मी उगाच जरा मोठ्या माणसासारखी बोलते. तिनं मोबाइल पुढं केला. पुण्यातल्या एका कंपनीचा मेल होता. पहिला राउंड पास, दुसरा राउंड पुढच्या आठवड्यात. पद : एक्झिक्युटिव्ह असिस्टंट टू डायरेक्टर.

“अक्का, हे म्हंजे पीएच नं? घरचे म्हणायलेत, पीए म्हंजे काय नोकरी हाय का? जाऊ का नको?”

मला विचारायचं कारण होतं. हीच नोकरी मी आठ महिने केली आहे. शिरूर येईपर्यंत मी तिच्याशी बोलत होते, तरी उत्तर पूर्ण झालं नाही. ती उतरली, मीही उतरले, आणि घरी जाताना लक्षात आलं की मी तिला अर्धा वेळ ‘जाऊ नको’ आणि अर्धा वेळ ‘जाच’ असं सांगत होते. म्हणून हे लिहायला बसले.

आमच्याकडं ‘पीए’ या शब्दाला दोनच अर्थ आहेत. पहिला म्हणजे आमदारसाहेबांचा पीए. लग्नात साहेबांच्या मागं दोन पावलं चालणारा, एका हातात साहेबांचा फोन आणि दुसऱ्या हातात स्वतःचा. लोक साहेबांना नमस्कार करतात आणि काम पीएच्या कानात सांगतात. दुसरा अर्थ म्हणजे फोन उचलून ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ म्हणणारी, चहा सांगणारी, फाइल इकडून तिकडं नेणारी पोरगी. पहिल्याला लोक वचकून असतात आणि दुसरीची कीव करतात. या दोन्हींच्या मध्ये काही असतं, हे मलाही तिथं जाईपर्यंत माहीत नव्हतं.

माझं असं झालं. मास कम्युनिकेशनची डिग्री हातात आली तेव्हा सोयाबीनला भाव नव्हता. पुढच्या शिक्षणाची फी, खोलीचं भाडं, मेस, सगळं जोडून बघितल्यावर एक वर्ष थांबायचं ठरलं. पुण्यात एका मध्यम आकाराच्या कंपनीत मुलाखत दिली. त्यांना मराठी-इंग्रजी दोन्ही नीट लिहिणारं कुणीतरी हवं होतं. डायरेक्टरसाहेबांनी विचारलं, “टायपिंग येतं?” मी म्हटलं, “मराठी तीसची परीक्षा पास आहे, इंग्रजी चाळीसची.” ते हसले. पण घेतलं.

पहिला महिना म्हणजे नुसता गोंधळ. साहेबांची दोन कॅलेंडरं होती. एक मोबाइलमध्ये आणि एक त्यांच्या डोक्यात. मोबाइलमधलं मला दिसायचं, डोक्यातलं चुकल्यावर कळायचं. रात्री अकरा-चाळीसला एकापाठोपाठ एक व्हॉइस नोट्स यायच्या आणि नवव्या नोटमध्ये पहिल्या चार रद्द व्हायच्या. त्यांना लातूरला एका कार्यक्रमाला जायचं होतं तेव्हा सकाळी दहाला तत्काळ उघडायच्या आधी पाच मिनिटं मी तीन ब्राउझर उघडून देवाचं नाव घेत बसले होते. त्यांच्या आईचा चष्मा, मुलाच्या शाळेचा फॉर्म, गाडीचा इन्शुरन्स, हे सगळं माझ्याकडं. आणि मेल! ‘रिगार्ड्स’ कुणाला, ‘वॉर्म रिगार्ड्स’ कुणाला आणि नुसतंच ‘थँक्स’ लिहून कुणाला टोमणा मारायचा, हे मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलीला कुणी शिकवलेलं नसतं. मी साहेबांचे जुने मेल काढून रात्री वाचत बसायचे, अगदी मागच्या वर्षांचे पेपर सोडवावेत तसे.

यातलं सगळं सहन होतं. दमणूक झोपल्यावर जाते. न दिसण्याची सवय मात्र लवकर होत नाही. एकदा मीटिंगला सात माणसं बसलो होतो आणि साहेब म्हणाले, “आपण सहाच जण आहोत, त्यामुळं मोकळेपणानं बोलू.” कुणालाच काही वावगं वाटलं नाही. सातवी मी होते, वही घेऊन. त्या दिवशी राग आला होता. नंतर कळलं की या कामाची अर्धी ताकद त्या न मोजल्या जाण्यातच असते. कारण माणसं खरंच मोकळेपणानं बोलतात आणि बोललेलं सगळं तुमच्या वहीत येतं.

दुसरी गोष्ट एकटेपणाची. तुम्ही कँटीनमध्ये गेलात की गप्पा थांबतात. तुम्ही साहेबांचा कान आहात असं सगळ्यांनी धरलेलं असतं. तुम्ही चुगली करा किंवा करू नका, डबा उघडून बसलात की विषय हवामानावर जातो. मला एकच मैत्रीण होती तिथं, दुसऱ्या डिपार्टमेंटमधली. तिला माझ्याशी बोलताना भीती वाटत नव्हती. आम्ही रोज एकत्र जेवायचो. तिच्या डब्यात भरपूर शेंगदाण्याचा कूट असलेल्या भाज्या असायच्या आणि मी त्यावर ताव मारायचे.

आता जे सांगणार आहे ते सांगावं की नाही याचा मी बराच विचार केला. कंपनीचं नाव, शहरातला भाग, काय बनवतात, यातलं काहीच लिहीत नाही. गोपनीयता पाळायची असं मी सही करून आले होते आणि ती सही मला आजही लागू वाटते. पण ही गोष्ट सांगितल्याशिवाय नोकरीबद्दल खरं काही सांगितलं असं होणार नाही.

पाचव्या महिन्यात कंपनीनं माणसं कमी करायचं ठरवलं. यादी मी टाइप केली. नऊ नावं. सातवं नाव माझ्या मैत्रिणीचं.

यादी तयार झाली तो दिवस आणि त्यांना सांगितलं तो दिवस, यांच्यामध्ये अकरा दिवस होते. अकरा दिवस मी तिच्यासमोर बसून जेवले. तिनं त्या दिवसांत मला सांगितलं की भावाच्या लग्नासाठी ती कर्ज काढायचं म्हणतेय. मी म्हटलं, “थांब की जरा, घाई कशाला करतीस?” बस, एवढंच. यापेक्षा जास्त बोलले असते तर नोकरीचा नियम मोडला असता, आणि काहीच बोलले नसते तर मी कोण राहिले असते, माहीत नाही. घरी फोनवर आई विचारायची, आवाज का असा येतोय. मी म्हणायचे, पाणी बदललंय.

कॉलेजमध्ये आम्हाला पत्रकारितेची नीतिमूल्यं शिकवताना ‘सोर्सचं नाव फोडायचं नाही’ हे शिकवतात. तो धडा मला वर्गात समजला नव्हता, त्या कँटीनमध्ये समजला. जे माहीत आहे ते न बोलता सांभाळणं हे खरंच अंगमेहनतीचं काम आहे.

त्याच काळात एक मीटिंग झाली. जाणाऱ्या लोकांना काय द्यायचं, यावर. बोलता बोलता साहेब म्हणाले की नोटीस वगैरे आहेच, पण वरून दोन महिन्यांचा पगार देऊ. सगळ्यांनी माना हलवल्या. मी वहीत लिहिलं. संध्याकाळी इतिवृत्त तयार केलं, त्यात ते वाक्य घातलं आणि सगळ्यांना मेल केलं. (कॉर्पोरेटमध्ये त्याला ‘मिनिट्स’ म्हणतात. पण आमचे मामा सरकारी ऑफिसात होते, त्यांच्या तोंडून ‘इतिवृत्त’ ऐकतच मी मोठी झाले. मला तोच शब्द जास्त वजनदार वाटतो.) दुसऱ्या दिवशी सकाळी एका वरिष्ठांचा फोन आला. “ते दोन महिन्यांचं वाक्य काढून टाका, ते नुसतं बोलण्यातलं होतं.” आवाज चढलेला नव्हता. सहज, जणू शुद्धलेखनाची चूक दाखवावी तसा.

मी काढलं नाही आणि नाही म्हणायचं धाडसही केलं नाही. “साहेबांना विचारून करते” एवढं म्हटलं. प्रिंट काढली, त्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि साहेबांसमोर ठेवली. सर, हे ठेवायचं की काढायचं? ते बराच वेळ त्या रेघेकडं बघत राहिले. मग म्हणाले, “असू दे. बोललोय मी.”

नऊ जणांना दोन महिन्यांचा पगार जास्त मिळाला. मी त्यात काय केलं? एक वाक्य जसं बोललं गेलं तसं लिहिलं आणि योग्य माणसासमोर ठेवलं. बाकी काही नाही. पण त्या आठ महिन्यांतली माझी कमाई विचाराल तर ती हीच. आमच्यापेक्षा दहापट पगार घेणारी माणसं त्या खोलीत होती. मात्र काय ठरलं हे ठरवणारी वही माझ्या हातात होती.

मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांना काहीच आश्चर्य वाटलं नाही. ते लघुलेखक म्हणून रिटायर झाले. आजही हातात पेन्सिल आली की वर्तमानपत्राच्या कडेला बारीक रेषा-टिंबं काढत बसतात. कुणाला वाटावं चिमण्यांचे पाय उमटलेत. १८३७ मध्ये आयझॅक पिटमन नावाच्या इंग्रज शिक्षकानं शब्द कसा लिहितात ते सोडून कसा ऐकू येतो त्यावर चालणारी ही लिपी छापली आणि पुढं तिचाच आधार घेऊन मराठी लघुलेखन आलं. सरकारी भरतीत याचा चढता जिना आहे : लघुटंकलेखकाला मिनिटाला ८० शब्द, निम्नश्रेणी लघुलेखकाला १००, उच्चश्रेणीला १२०. सोबत टायपिंग, मराठी ३० आणि इंग्रजी ४०. बोलणारा एका मिनिटात एवढं बोलून जातो, आणि ऐकणाऱ्यानं ते सगळं पकडायचं, नंतर शुद्ध करून पुढं ठेवायचं. लातूरला टायपिंग क्लासच्या बॅचला बसणाऱ्या किती पोरांना माहीत असतं की आपण बोटांची स्पीड नाही, दुसऱ्याचं बोलणं सांभाळायला शिकतोय?

खरं तर आपल्या भाषेला हे काम नवं नाही. आपल्या आडनावांतच ते बसलंय. चिटणीस, फडणवीस, पारसनीस, वाकनीस. हे सगळे लिहिणारे. बाळाजी आवजी चिटणीसांची एक गोष्ट लहानपणी ऐकलेली असते. महाराजांनी खलिता लिहायला सांगितला, कामाच्या गर्दीत लिहायचा राहून गेला आणि महाराजांनी विचारल्यावर चिटणीसांनी कोरा कागद हातात धरून अख्खा खलिता घडाघडा वाचून दाखवला. इतिहास म्हणून नाही, गोष्ट म्हणूनच सांगतेय. पण आता मला त्या गोष्टीत चिटणीसांची हुशारी कमी आणि घाम जास्त दिसतो. काम राहिलंय, साहेब समोर उभे आहेत, आणि चेहरा शांत ठेवून बोलायचंय. हा अनुभव मी ‘डेक पाठवलाय का?’ या प्रश्नावर किमान चार वेळा घेतलाय.

आमच्याच तालुक्यात उजेड म्हणजे हिसामाबादला दरवर्षी २६ जानेवारीच्या सुमारास गांधीबाबांची यात्रा भरते. देवाची नाही, पिराची नाही, महात्मा गांधींची यात्रा. पाळणे, खेळणी, मिठाई, सगळं. लहानपणापासून जातेय. यंदा तिथं फिरताना डोक्यात आलं की या बाबांचं रोजचं काम कोण बघत होतं? महादेव देसाई. १९१७ मध्ये ते गांधीजींकडं आले आणि पुढची पंचवीस वर्षं पत्रं, भाषणांच्या नोंदी, भेटी, भाषांतरं, डायरी, सगळं सांभाळत राहिले. गांधीजींचं आत्मचरित्र जगानं इंग्रजीत वाचलं ते महादेवभाईंच्या भाषांतरातून. १९४२ च्या ऑगस्टमध्ये दोघांनाही अटक होऊन पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं आणि आठवडाही झाला नाही तोच, १५ ऑगस्टला, महादेवभाई तिथंच गेले. वय फक्त पन्नास. त्यांची समाधी त्याच आवारात आहे. पुण्यात असताना एका रविवारी मी तिथं गेले होते, आणि खरं सांगते, समाधीसमोर उभी असताना साहेबांचा फोन आला. मी उचलला.

मला त्या दिवशी स्वतःचाच राग आला, पण विचारही तिथूनच सुरू झाला. प्रत्येक ऑफिसात मोटिव्हेशनचं भाषण करणारं कुणीतरी असतं, आणि ते म्हणतं की कामाला सेवा समजा, घड्याळ बघू नका, मोठ्या माणसाच्या सावलीत राहायला मिळतंय हे भाग्य समजा. महादेवभाईंनी घड्याळ बघितलं नसेल. पण ते ज्यासाठी राबत होते ते त्यांचंही होतं. स्वातंत्र्य एकट्या गांधीजींना मिळणार नव्हतं. माझ्या साहेबांच्या कंपनीला तिमाहीत जास्त नफा झाला तर तो माझा होत नव्हता, आणि त्यात साहेबांचं काही चुकत नाही, तो धंदा आहे. चूक तेव्हा होते जेव्हा धंद्यासाठी सेवेचा दर लावला जातो, म्हणजे शून्य.

याच्याच बाजूला नानकचंद रत्तू यांचं उदाहरण ठेवून बघा. बाबासाहेबांचे हे सचिव मूळचे पंजाबचे. दिल्लीत स्वतःची सरकारी नोकरी करायचे आणि ऑफिस सुटल्यावर २६ अलीपूर रोडच्या बंगल्यावर जाऊन रात्री उशिरापर्यंत बाबासाहेबांचं लेखन टाइप करायचे. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही ते तिथं होते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाची प्रस्तावना आणि आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रं बाबासाहेबांनी त्या रात्री पुन्हा नजरेखालून घालायला मागितली. सहा तारखेला सकाळी बाबासाहेब नव्हते. ग्रंथ १९५७ मध्ये आला. लाखो घरांत तो आहे. त्याची पानं टाइपरायटरवर कुणी बडवली, हे किती घरांत माहीत आहे?

रत्तूंचं मला महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यांचं पोट या कामावर नव्हतं. नोकरी वेगळी, आणि रात्रीचं टायपिंग हे त्यांनी स्वतःहून दिलेलं. देणं आणि काढून घेणं यात फरक आहे. आपल्याकडं मोठ्या माणसांच्या सहायकांच्या गोष्टी सांगून नव्या पोरापोरींकडून काढून घेतलं जातं, हा माझा आक्षेप आहे.

आणि कायदाही फार मदतीला येत नाही. महाराष्ट्रात दुकानं आणि ऑफिसांसाठी २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. मूळ कायद्यात दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास अशी मर्यादा घातली, जास्त कामाला दुप्पट दरानं पैसे सांगितले. वाचून बरं वाटलं. मग त्याच कायद्यातली सूट वाचली. व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय आणि गोपनीय स्वरूपाच्या पदांवरच्या लोकांना हा कायदा लागू नाही, फक्त अशा पदांची यादी कंपनीनं जाहीर लावायची असते. ‘गोपनीय’! मॅनेजरचं समजू शकते, त्याला पगारही तसा असतो. पण साहेबांची गुपितं टाइप करते म्हणून पंचवीस हजारांवरच्या मुलीचे तास मोजायचे नाहीत, हा कुठला हिशेब? विश्वास जितका जास्त, तितकं संरक्षण कमी. माझ्या कंपनीत अशी यादी कुठं लावलेली मी पाहिली नाही. अर्थात तेव्हा मला ती शोधायची असते हेच माहीत नव्हतं.

मुलींसाठी आणखी एक. जाहिराती उघडून बघा. ‘फीमेल कँडिडेट प्रिफर्ड’, ‘प्लेझंट पर्सनॅलिटी’. मामांच्या ऑफिसात त्यांच्या वेळी बहुतेक लघुलेखक पुरुषच होते, तेव्हा कुणी व्यक्तिमत्त्व प्रसन्न आहे का बघितलं नाही, मिनिटाला शंभर शब्द येतात का बघितलं. काम तेच. मग मुलगी आली की स्पीडच्या जागी हसू कसं काय येतं? मला मुलाखतीत लग्नाचं विचारलं होतं. उत्तर काय दिलं ते इथं लिहीत नाही, आई हा पेपर वाचते.

‘एआय आल्यावर पीए कशाला लागतोय?’ असं आमच्या ग्रुपवर एकानं विचारलं. कॅलेंडर तो लावेल, मेलही लिहील, माझ्यापेक्षा चांगलं इंग्रजी लिहील. पण साहेबांचा शाळेतला मित्र तिसऱ्यांदा फोन करतो, दोन वेळा पैसे मागायला केलेला असतो आणि तिसऱ्या वेळी आवाज वेगळा असतो, तेव्हा ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ म्हणायचं की मीटिंगमध्ये चिठ्ठी न्यायची? मी चिठ्ठी नेली होती. मित्राचे वडील गेले होते.

मी नोकरी सोडली ती भांडून नाही. फीचे पैसे जमले, पुढचं ॲडमिशन मिळालं. साहेबांनी निरोपाच्या दिवशी पेन दिलं आणि ‘आता मला कोण आठवण करणार’ म्हणाले. नवीन मुलगी आली होती, तिला मी चार दिवस शिकवलं. साहेबांना कारलं आवडत नाही इथपासून त्यांना ‘नाही’ कसं म्हणायचं इथपर्यंत. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, “मॅम, माझं नेमकं काम काय, असं कुठं लिहिलंय का?” मी माझं जुनं नेमणूकपत्र काढून बघितलं. सहा ओळी कामाच्या आणि सातवी ओळ : वेळोवेळी सांगितली जातील ती इतर कामं. माझे आठ महिने जवळजवळ पूर्ण त्या सातव्या ओळीत गेले होते.

एसटीत मी गल्लीतल्या मुलीला शेवटी सांगितलं ते याच ओळीबद्दल. दुसऱ्या राउंडला जा आणि या ओळीत काय काय येतं ते विचार. रविवारी फोन उचलायचा का, विचार. उशीर झाला तर घरी कसं सोडणार, विचार. डायरेक्टर किती वर्षांत किती असिस्टंट बदललेत, हे मात्र त्यांना नको, रिसेप्शनवरच्या मुलीला विचार.

तिनं विचारलं. हे मी लिहीत असताना, परवा, तिचा मेसेज आला. एचआरवाल्या मॅडम आधी गप्प बसल्या, मग म्हणाल्या की असं याआधी कुणी विचारलं नव्हतं. तिला वाटलं, गेली नोकरी हातची. दोन दिवसांनी मेल आला : रविवार सुट्टी, रात्री आठनंतर थांबावं लागलं तर कंपनीची गाडी, आणि पगार आधी सांगितलेल्यापेक्षा पंधराशे रुपये कमी. घरच्यांशी तिचं अजून भांडण चालू आहे, पण एक तारखेला निघतेय. डायरेक्टर मॅडम आहेत, हे तिनं मला आत्ता सांगितलं. मी एसटीत पूर्ण वेळ ‘साहेब, साहेब’ करत होते आणि तिनं एकदाही टोकलं नाही. चांगली असिस्टंट होईल.

काल संध्याकाळी ती घरी आली होती. पुण्यातल्या मेसचा नंबर घेतला आणि माझी ती निळी वही मागितली, कसं लिहायचं ते बघायला. वही नवीनच घेतलेली होती, अर्धी भरलेली. मी लिहिलेली पानं काढून माझ्याकडं ठेवली आणि कोरी तिला दिली. ती म्हणाली, “अक्का, ह्यात तर काहीच न्हाई.” माझी मैत्रीण हा पेपर वाचत असेल तर तिला तरी कळेल की त्या पानांत काय होतं आणि दोन महिन्यांचं वाक्य कुणी लिहिलं. भावाचं लग्न कसं झालं ते तिनं मला कळवलेलं नाही. मीही फोन केलेला नाही. आज करेन.